मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्च कसे पाहावे: आवारापासून वेदीपर्यंत

इंग्लंडमध्ये मध्ययुगात बांधलेली आठ हजारांहून अधिक पॅरिश चर्च आजही उभी असून एकट्या नॉरफोक परगण्यात त्यांची संख्या सहाशेच्या वर आहे. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेले गाव आणि त्याचा परिसर. तेथील माणसांचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन याच चर्चच्या छायेत होत असे. दारापाशी ठेवलेल्या माहितीपत्रकात बहुधा ‘तेराव्या शतकातील चर्च’ असे एखादे वाक्य असते आणि ते जवळजवळ नेहमीच अपुरे असते, कारण ही इमारत क्वचितच कोणा एका शतकाची असते. शिवाय ती ज्या उपासनेसाठी बांधली गेली, ती लॅटिन मिस्सा (भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याचा मुख्य उपासनाविधी), संतांच्या मूर्ती आणि मृतांसाठीच्या प्रार्थना ही सारी व्यवस्था १५४७ नंतरच्या काही वर्षांत राजाज्ञेने मोडण्यात आली. म्हणून येथे जे दिसते त्याच्याइतकेच, जे काढून टाकले गेले तेही शोधावे लागते. बुजवलेले दार, कोठेही न पोहोचणारा जिना, रिकामा कोनाडा आणि खरवडलेला चेहरा हे या इमारतीचे सर्वांत बोलके पुरावे आहेत, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील पायऱ्यांचा क्रम त्याच दृष्टीने लावला आहे.

तयारी फारशी लागत नाही. छपराच्या तुळयांवरील आणि उंच खिडक्यांतील तपशील पाहण्यासाठी एक लहान दुर्बीण, भिंतीवरील कोरलेल्या खुणा उजळण्यासाठी एक बॅटरी आणि आराखडा काढण्यासाठी एक वही पुरेशी आहे. रविवारी सकाळी उपासना असते, त्यामुळे पाहणीसाठी दुसरा दिवस निवडावा. चर्च बंद असेल, तर किल्ली कोणाकडे आहे याची चिठ्ठी पुष्कळदा ओसरीतल्या फलकावर लावलेली असते. दानपेटीत काही रक्कम जरूर टाकावी, कारण या इमारतींच्या डागडुजीचा मोठा भार आजही गावातील मोजक्या माणसांवर पडतो.

पहिली पायरी: दिशा ठरवा आणि बाहेरून पूर्ण फेरी मारा

आत जाण्याची घाई करू नये. मध्ययुगीन चर्चची मुख्य वेदी पूर्व टोकाला असते आणि मनोरा बहुधा पश्चिमेला, त्यामुळे एकदा दिशा कळल्या की बाकी सर्व भागांची नावे आपोआप जागेवर बसतात. पश्चिमेकडील लांब दालनाला नेव्ह म्हणतात. गावातील लोक तेथे उभे राहत. त्याच्या पूर्वेस असलेल्या, सहसा अरुंद व कमी उंचीच्या भागाला चान्सेल म्हणतात आणि तो धर्मगुरू व वेदी यांच्यासाठी राखलेला असे. सभामंडप आणि गाभारा यांचे नाते आपल्याला परिचित असल्यामुळे ही विभागणी मराठी वाचकाला चटकन उमगते. नेव्हच्या उत्तर-दक्षिण बाजूंना जोडलेल्या पाखांना आइल म्हणतात.

या विभागणीमागे पैशांचा हिशेबही आहे आणि तो लक्षात ठेवल्यास पुष्कळ कोडी सुटतात. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये अशी प्रथा रूढ झाली की नेव्हची देखभाल गावकऱ्यांनी करावी आणि चान्सेलची जबाबदारी धान्याचा दशमांश घेणाऱ्या रेक्टरने उचलावी. हा रेक्टर म्हणजे कधी गावातला धर्मगुरू असे, तर कधी दूरचा एखादा मठ. परिणामी लोकर व कापडाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या गावात नेव्ह भव्य आणि नवे, तर चान्सेल जुने व खुजे राहिलेले दिसते; कोठे याच्या उलटही घडलेले असते. ही जबाबदारी जमिनीबरोबर वारसाने पुढे चालत आली आणि वॉरिकशायरमधील ॲस्टन कँटलो येथील चान्सेलच्या दुरुस्तीचा वाद २००३ मध्ये थेट तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला.

फेरी मारताना दगडांचे सांधे पाहावेत. भिंतीतील दगडांचे थर एखाद्या उभ्या रेषेपाशी एकदम तुटत असतील, तर तेथे दोन वेगळ्या काळांतील बांधकामे भेटतात. कोपऱ्यावर एक उभा उंच दगड आणि त्यावर एक आडवा रुंद दगड अशी आळीपाळीने रचना असेल, तर तो कोपरा नॉर्मंडीहून आलेल्या नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये मिळवलेल्या विजयापूर्वीचा, म्हणजे सॅक्सन असण्याची दाट शक्यता आहे. नॉर्थहॅम्प्टनशायरमधील अर्ल्स बार्टनचा मनोरा हे याचे उत्तम उदाहरण आहे. नॉरफोक आणि सफोकमध्ये गोल मनोरे दिसतात, कारण तेथे स्थानिक दगड म्हणजे मुख्यतः गारगोटीचे गोटे, आणि त्यांतून काटकोनी कोपरे बांधणे कठीण असते.

दक्षिणेकडील भिंतीवर, विशेषतः दाराजवळ, मध्यभागी एक छिद्र आणि त्यातून निघणाऱ्या रेषा कोरलेल्या आढळतील. ही मिस्साची वेळ कळण्यासाठी केलेली सूर्यघड्याळे आहेत. छिद्रात काडी बसवली की तिची सावली रेषेवर पडे. असे घड्याळ ओसरीच्या आत, जेथे ऊन पोहोचूच शकत नाही, अशा जागी सापडले, तर ओसरी नंतर बांधली गेली किंवा तो दगड दुसरीकडून आणून बसवला, एवढे निश्चित समजावे.

उत्तरेकडे पुष्कळदा एक बुजवलेले दार असते. बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाला बाहेर जाता यावे म्हणून ते ठेवले होते, अशी कथा सर्रास सांगितली जाते. परंतु मध्ययुगीन उपासनेत मिरवणुका चर्चभोवती फिरत आणि त्यांना दक्षिणेकडून निघून उत्तरेकडून आत येण्यासाठी दुसरे दार लागे, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. मिरवणुका बंद झाल्या आणि वारा अडवण्यासाठी दार बुजवले गेले. पन्हाळीचे पाणी तोंडातून फेकणारी विचित्र प्राण्यांची डोकी तर दिसतीलच. हेरफर्डशायरमधील किलपेक येथे, सुमारे ११४० च्या चर्चवर, छपराच्या कडेखाली कोरीव टेकूंची जवळजवळ संपूर्ण रांग टिकली आहे. तिच्यात कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी आहेत.

दुसरी पायरी: कमानी आणि खिडक्यांवरून काळ ओळखा

१८१७ मध्ये थॉमस रिकमन यांनी इंग्लिश मध्ययुगीन वास्तुशैलीचे नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर असे चार भाग केले आणि ती नावे आजही वापरात आहेत. नॉर्मन काळाची, म्हणजे १०६६ पासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची, ओळख अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती, लहान खिडक्या आणि कमानींवरील नागमोडी नक्षी यांवरून होते. ऑक्सफर्डजवळच्या इफ्ली येथे ती मनसोक्त पाहता येते. त्यानंतरच्या अर्ली इंग्लिश शैलीत कमान टोकदार होते आणि खिडक्या उंच, अरुंद, भाल्याच्या पात्यासारख्या निमुळत्या होतात. डेकोरेटेड शैलीत, साधारण १२९० ते १३५० या काळात, खिडकीच्या माथ्यावरची दगडी जाळी लाटांसारखी वळू लागते. त्यानंतर पर्पेंडिक्युलर शैलीत जाळीच्या उभ्या पट्ट्या थेट कमानीपर्यंत सरळ जातात, कमानी पसरट होतात आणि भिंतीपेक्षा काचच अधिक दिसू लागते.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. खिडकीवरून भिंतीचा काळ ठरवू नये. अधिक उजेड हवा म्हणून, किंवा एखाद्या कुटुंबाने रंगीत काचेसाठी पैसे दिले म्हणून, नॉर्मन भिंतीत पंधराव्या शतकातील खिडकी बसवणे ही नित्याची गोष्ट होती. खिडकीच्या वर किंवा बाजूला जुन्या लहान खिडकीच्या कमानीचा तुकडा उरला आहे का, हे पाहावे. आत गेल्यावर मनोऱ्याच्या पूर्व बाजूकडे, म्हणजे नेव्हच्या पश्चिम टोकाच्या भिंतीकडे, वर पाहावे. तेथे उतरत्या छपराची त्रिकोणी खूण दिसली, तर नेव्हचे छप्पर पूर्वी तेथवर होते आणि नंतर भिंती उंचावून वर खिडक्यांची नवी रांग बसवण्यात आली, हे एका नजरेत सिद्ध होते.

तिसरी पायरी: ओसरी आणि बाप्तिस्म्याचे कुंड

दक्षिणेकडील ओसरी ही मध्ययुगात केवळ पावसापासूनचा आडोसा नव्हती. विवाहाचा मुख्य विधी चर्चच्या दारातच होई, करारमदार तेथे होत आणि बाप्तिस्म्याची सुरुवातही तेथेच होई. दाराच्या उजव्या हाताला भिंतीत एक लहान दगडी वाटी किंवा तिचा फोडलेला अवशेष शोधावा. आत शिरताना बोटे बुडवण्यासाठी तीत पवित्र जल ठेवत आणि धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमन कॅथलिक उपासना सोडून प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला तेव्हा, अशा वाट्या मुद्दाम फोडण्यात आल्या.

दाराजवळच बाप्तिस्म्याचे कुंड असते. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती समाजातील प्रवेश, म्हणून त्याची जागाही प्रवेशापाशी. पुष्कळ ठिकाणी कुंड ही चर्चमधील सर्वांत जुनी वस्तू असते, कारण भिंती पाडून पुन्हा बांधल्या तरी ज्यात आजोबा-पणजोबांचा बाप्तिस्मा झाला ते कुंड लोक जपून ठेवत. हेरफर्डशायरमधील अर्डिस्ली येथील बाराव्या शतकातील कुंडावर झुंजणारे दोन योद्धे कोरले आहेत. पूर्व इंग्लंडात पंधराव्या शतकातील अष्टकोनी कुंडे आढळतात, ज्यांच्या सात बाजूंवर चर्चचे सात संस्कार आणि आठव्या बाजूवर बहुधा येशूचा क्रूसावरील मृत्यू किंवा त्याचा बाप्तिस्मा कोरलेला असतो. या शिल्पांतील डोकी बहुतेक ठिकाणी ठेचलेली दिसतील.

कुंडाच्या काठावर बोट फिरवून पाहावे. समोरासमोर दोन ठिकाणी दगड तुटलेला किंवा बुजवलेला जाणवेल. आशीर्वादित पाणी कुंडात साठवून ठेवले जाई आणि ते चोरून जादूटोण्यासाठी नेले जाऊ नये म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडावर कुलूपबंद झाकण ठेवण्याची आज्ञा दिली. काठावरचे ते व्रण कुलपाच्या लोखंडी कड्यांचे आहेत. कालांतराने ही झाकणे स्वतःच कलाकृती बनली. सफोकमधील अफर्ड येथील लाकडी झाकण जवळजवळ साडेपाच मीटर उंच आहे आणि चर्चमधील प्रतिमा फोडत फिरणाऱ्या विल्यम डाउसिंगने १६४४ मध्ये ते पाहूनही शाबूत राहू दिले.

चौथी पायरी: नेव्हमध्ये उभे राहून भिंती, छप्पर आणि फरशी पाहा

आज दिसणारी लाकडी बाके मनातून काढून टाकावीत. मध्ययुगाच्या बहुतांश काळात लोक उभे राहत किंवा गुडघे टेकत आणि वृद्ध व दुर्बळ माणसे भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर बसत. तो कट्टा काही ठिकाणी अजून आहे. बाके मुख्यतः पंधराव्या शतकात सर्वत्र आली. त्यांच्या टोकांच्या फळ्यांवरील कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखे असते. सॉमरसेटमधील ब्रेंट नोल येथे मठाधिपतीच्या वेशातला कोल्हा पक्ष्यांना उपदेश करतो आणि शेवटच्या फळीवर हंस-बदके त्यालाच फाशी देतात. प्रवचनपीठ मात्र बहुतेक ठिकाणी नंतरचे असते, कारण ते प्रत्येक चर्चमध्ये असावे हा नियम १६०४ च्या धर्मनियमांनी घातला.

आता भिंती पाहाव्यात. आजच्या पांढऱ्या भिंती मध्ययुगात रंगीत चित्रांनी भरलेल्या होत्या. मुख्य दाराच्या समोर, म्हणजे सहसा उत्तर भिंतीवर, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा महाकाय संत क्रिस्तोफर असे; त्याचे दर्शन घेणाऱ्याला त्या दिवशी अवचित मृत्यू येत नाही अशी श्रद्धा होती, म्हणून तो दारातूनच दिसेल असा रंगवला जाई. चान्सेलच्या कमानीवर अंतिम न्यायाचे चित्र असे, ज्यात थडग्यांतून उठणारी माणसे एका बाजूने स्वर्गाकडे आणि दुसऱ्या बाजूने नरकाच्या जबड्याकडे जातात. सोळाव्या शतकात या सर्वांवर चुना फासला गेला. सफोकमधील वेनहॅस्टन येथे १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुना लावलेल्या जुन्या फळ्या आवारात फेकून दिल्या होत्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि अंतिम न्यायाचे संपूर्ण चित्र उघडे पडले. त्या चित्रात मध्यभागी क्रूस आणि दोन्ही बाजूंना येशूची आई मरिया व शिष्य योहान यांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत, कारण तेथे लाकडी मूर्ती उभ्या होत्या आणि चित्रकाराने त्यांच्याभोवती रंगवले होते. मूर्ती नष्ट झाल्या. त्यांच्या आकृत्या राहिल्या. या विषयात मला इतके हलवून सोडणारे दुसरे काही ठाऊक नाही.

बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून प्रकाश तिरपा टाकला की खांबांवरील बारीक कोरीव खुणा उठून दिसतात. हर्टफर्डशायरमधील ॲशवेल येथे मनोऱ्याच्या तळाशी कोणीतरी लॅटिनमध्ये १३५० च्या सुमारास महामारीने केलेली दैना आणि १३६१ चे भयंकर वादळ कोरून ठेवले आहे. चित्रांना मात्र बोट लावू नये आणि खुणांवर कागद ठेवून घासू नये.

मग दुर्बीण छपराकडे वळवावी. केंब्रिजशायरमधील मार्च येथे शंभरहून अधिक लाकडी देवदूत पंख पसरून तुळयांच्या टोकांवर बसले आहेत. फरशीवर पितळी स्मृतिपत्रे असतील. ग्लॉस्टरशायरमधील नॉर्थलीच येथे लोकरीच्या व्यापाऱ्यांचे पाय मेंढ्यांवर आणि लोकरीच्या गठ्ठ्यांवर टेकलेले आहेत, म्हणजे चर्चला पैसा कोठून आला हे मृतांनीच लिहून ठेवले आहे. पितळ उपटून नेलेले असेल, तर दगडातील रिकाम्या साच्यातील पोशाखाच्या आकारावरूनही तेथे पुरलेला माणूस सरदार की धर्मगुरू, हे ओळखता येते.

पाचवी पायरी: नेव्ह आणि चान्सेल यांच्या सीमेवर थांबा

ही पाहणीची सर्वांत महत्त्वाची जागा आहे आणि येथे सर्वाधिक वेळ द्यावा. चान्सेलच्या कमानीखाली एक लाकडी पडदा असे, ज्याला रूड स्क्रीन म्हणतात. त्याचा खालचा भाग बंद फळ्यांचा आणि संतांच्या चित्रांनी रंगवलेला, वरचा भाग जाळीदार, त्यावर एक सज्जा आणि सज्जाच्या वर क्रूसावरील येशू, मरिया आणि योहान यांच्या मूर्ती असत. क्रूसापुढे दिवे जळत. ते लावण्यासाठी आणि सणाच्या दिवशी गायनासाठी सज्जावर चढावे लागे. मूर्ती सहाव्या एडवर्डच्या राज्यात खाली आल्या, कॅथलिक राणी पहिल्या मेरीच्या काळात काही पुन्हा चढल्या, आणि १५६१ मध्ये एलिझाबेथच्या आज्ञेने सज्जे उतरवून पडदा तेवढा ठेवण्यात आला. म्हणून आज पडदे शेकडो आहेत, परंतु सज्जे अत्यंत दुर्मिळ. यॉर्कशायरमधील हबरहोम येथे १५५८ चा एक टिकला आहे.

शोधायचे काय, तर कमानीच्या शेजारी भिंतीत एक अरुंद दार आणि आत वळत जाणारा दगडी जिना. वर दुसरे दार असते आणि ते हवेत उघडते. पडदाही नसेल तेथे एवढाच जिना त्याची साक्ष देतो. पडदा असेल तर गुडघे टेकून खालच्या फळ्या पाहाव्यात. नॉरफोकमधील रॅनवर्थ येथील संतांचे रंग अजून ताजे वाटतात. इतर अनेक ठिकाणी फक्त डोळे आणि चेहरे ओरखडलेले आहेत. नॉरफोकमधीलच बिनम येथे संतांवर पांढरा रंग देऊन इंग्लिश बायबलमधील वचने लिहिली होती. आता तो थर झिजतो आहे आणि अक्षरांच्या मागून जुने चेहरे पुन्हा वर येत आहेत.

कमानीच्या बाजूच्या भिंतीत तिरपे आरपार भोक असेल, तर त्यातून स्वतः डोकावून पाहावे. नजर नेमकी मुख्य वेदीच्या जागेवर जाते. आइलमधील लहान वेदीपाशी उभ्या धर्मगुरूला किंवा तेथील लोकांना मुख्य वेदीवरचा क्षण दिसावा, यासाठी ही योजना होती.

सहावी पायरी: चान्सेलमधील कोनाडे

चान्सेल कधी कधी नेव्हच्या रेषेत नसून किंचित वाकडे असते. क्रूसावर येशूची मान कलली होती म्हणून असे बांधले, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. दोन भाग वेगवेगळ्या काळी, मधली भिंत उभी असताना आखले गेल्याने हा फरक पडतो, हे साधे कारण पुरेसे आहे.

दक्षिण भिंतीत, वेदीजवळ, तळाशी छिद्र असलेला एक छोटा कोनाडा दिसेल. त्याला पिसिना म्हणतात. मिस्सानंतर पेला धुतलेले पाणी पवित्र मानले जाई, म्हणून ते या छिद्रातून थेट चर्चच्या पवित्र मातीत सोडत. एक नियम पक्का लक्षात ठेवावा: जेथे पिसिना तेथे वेदी. आइलच्या भिंतीत ती सापडली, तर तेथे एकेकाळी उपवेदी होती, मग आज तेथे खुर्च्यांचा ढीग का असेना. अशा उपवेदींवर मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा होत आणि त्यांसाठी दिलेल्या देणग्या १५४७ च्या कायद्याने जप्त झाल्या.

पिसिनाच्या शेजारी धर्मगुरूंसाठी बहुधा तीन दगडी आसने असतात. समोरच्या उत्तर भिंतीत पेले ठेवण्याचे कपाट आणि क्वचित ईस्टरची प्रतीकात्मक समाधी असते; शुभ शुक्रवारपासून ईस्टरपर्यंत क्रूस आणि पवित्र भाकर तीत ठेवून पहारा देत. लिंकनशायरमधील हेकिंग्टन येथील चौदाव्या शतकातील समाधीखाली झोपलेले सैनिक कोरले आहेत. दगडी वेद्या १५५० मध्ये काढून लाकडी मेज ठेवण्याची आज्ञा झाली, तेव्हा अनेक शिळा फरशीत उलट्यासुलट्या घातल्या गेल्या. पाच लहान क्रूस कोरलेली मोठी फरशी पायाखाली आली, तर ती जुनी वेदीच आहे. रंगीत काच तुकड्यांतच उरली असेल, परंतु ग्लॉस्टरशायरमधील फेअरफर्ड येथे १५०० नंतरच्या काळात बसवलेल्या सर्व २८ खिडक्यांची मूळ मांडणी आजही पाहता येते.

सातवी पायरी: एकोणिसावे शतक वेगळे काढा

जे अगदी एकसारखे, तकतकीत आणि नीट मापात बसलेले दिसते, त्यावर संशय घ्यावा. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीच्या प्रभावाने इंग्लंडभर चर्चचा जीर्णोद्धार झाला. चौदाव्या शतकातील शैली आदर्श मानून नंतरच्या खिडक्या बदलल्या गेल्या, उंच बंदिस्त बाके काढली गेली, गिलावा खरवडून दगड उघडा करण्यात आला आणि त्याबरोबर चित्रेही गेली. याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. तरीही जीर्णोद्धार करणाऱ्या त्या पिढीने पडणारी छपरे सावरली, हेही मान्य करावे लागते. वहीतील आराखड्यावर शतकागणिक वेगळा रंग द्यावा आणि एकोणिसाव्या शतकातील भागांसाठी एक रंग राखून ठेवावा.

इंग्लंडला जाण्यापूर्वी सराव करायचा असेल, तर मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या आणि १८५८ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चने अर्ली इंग्लिश शैली उचलली, आतील फरश्या व सजावटीत विल्यम बटरफील्ड यांचा हात होता, आणि नेव्ह, आइल, चान्सेल, टोकदार कमानी, निमुळत्या खिडक्या हे सारे तेथे ओळखता येते. एकाच आराखड्याने उभे राहिल्यामुळे तेथे शतकांचे सांधे, मिस्साची सूर्यघड्याळे किंवा खरवडलेले संत मिळणार नाहीत. ते पाहण्यासाठी नॉरफोक किंवा सफोकच गाठावे लागेल.